कारागृहातील चूल आणि झाडू : भारतीय तुरुंग-नियमांतील जातिभेद, १८३८–२०२४

भारतातील कारागृहांचा इतिहास आजवर बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग राजबंद्यांचे. मराठी वाचकांस ते विशेष परिचित आहे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांची हकीकत १८८२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून सावरकरांच्या अंदमान-कथनापर्यंत मराठीत तुरुंग-वाङ्मयाची एक परंपराच निर्माण झाली. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, आणि साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. दुसरे अंग समित्यांचे. १८३८, १८६४, १८७७, १८८९ आणि १९१९-२० ह्या वर्षांतील समित्यांच्या व परिषदांच्या अहवालांतून कारागृह-सुधारणेचा एक क्रमबद्ध आलेख काढता येतो, आणि शासकीय ग्रंथांतून तो वारंवार काढला गेलेलाही आहे. ह्या दोन्ही अंगांच्या मधोमध एक साधा प्रश्न राहून गेला. तुरुंगात शेकडो माणसांचा स्वयंपाक कोण करीत असे, आणि त्यांची शौचकुपे कोण साफ करीत असे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह-नियमावलींतील काही नियम राज्यघटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरविले. हे नियम वरील दोन कामांविषयीचे होते. स्वयंपाकी अमुक जातीचा असावा, सफाईचे काम अमुक जातीच्या बंद्यास द्यावे, अशी तरतूद त्यांत होती. अस्पृश्यता घटनेने नष्ट केल्यास तेव्हा पाऊण शतक होत आले होते. एवढ्या काळात हे नियम कसे जगले, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न होय. त्यास दोन उत्तरे नेहमी तयार असतात. समाजात जात होती, म्हणून ती तुरुंगात शिरली, हे एक. इंग्रजांनी फूट पाडण्यासाठी ती मुद्दाम जोपासली, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. तथापि कागदपत्रांचा क्रम पाहिला तर दोहोंपैकी एकही पुरेसे वाटत नाही. आरंभी कंपनी सरकार तुरुंगात जातीस मोठे स्थान देण्यास तयार नव्हते. ते स्थान संघर्षातून, तडजोडीतून आणि पुढे आरोग्यशास्त्राच्या गरजेतून मिळत गेले. एकदा नियमात लिहिले गेल्यावर मात्र ते समाजातील प्रत्यक्ष रूढीवर अवलंबून राहिले नाही.

शिक्षा म्हणून ठरावीक मुदतीची कैद ही कल्पना महाराष्ट्रात तशी नवीनच. 'तुरुंग' हा शब्दही पोर्तुगीज 'त्रोंको' ह्या शब्दावरून मराठीत आलेला आहे. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथावरून त्या काळी दंड, गुन्हेगारी, प्रायश्चित्त, अवयवच्छेद इत्यादी शिक्षांना असलेले महत्त्व स्पष्ट होते. किल्ल्यावर अटकेत ठेवणे होते, पण ते मुख्यतः राजकीय प्रतिस्पर्ध्यांसाठी, किंवा दंडाची रक्कम वसूल होईपर्यंत. सखारामबापू बोकीलांसारखा मुत्सद्दी प्रतापगडावर व पुढे रायगडावर कैदेत राहिला, ते ह्या पद्धतीचे सुपरिचित उदाहरण. जातीनुसार शिक्षेत भेद त्या काळीही होता. ब्राह्मणास देहान्त शासन न देण्याचा प्रघात सर्वज्ञात आहे. परंतु शेकडो निरनिराळ्या जातींची माणसे एका छताखाली वर्षानुवर्षे ठेवून त्यांना एकाच चुलीवरचे अन्न द्यावयाचे, हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता. तो उद्भवला मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर, आणि बंगाल इलाख्यात त्याच्याही आधीपासून कैद ही नित्याची शिक्षा झाली तेव्हा.

आरंभीच्या कंपनी-तुरुंगांत हा प्रश्न टाळण्याची एक सोपी तोड होती. बंद्यास रोजचा भत्ता रोख मिळे. तो त्यातून बाजारचे धान्य, मीठ, सरपण घेई आणि आपली चूल आपण मांडून स्वयंपाक करी. हे बंदी बहुधा रस्त्याच्या कामावर बेड्या घालून नेले जात, म्हणजे दिवसाचा बराच भाग ते भिंतीच्या बाहेरच असत. नातलग भेटत, तंबाखू मिळे, देवघेव चाले. ही ढिलाई नव्या पिढीच्या इंग्रज सुधारकांना असह्य वाटू लागली. मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीचा अहवाल १८३८ साली सादर झाला. नैतिक शिक्षणाने हिंदी बंदी सुधारेल ह्याविषयी समितीस विशेष आशा नव्हती. तुरुंगाची जरब बसावी हा तिचा हेतू. त्यासाठी बाहेरच्या रस्त्यांवरील काम बंद करून भिंतीआड कंटाळवाणे, एकसुरी श्रम द्यावेत आणि रोख भत्त्याऐवजी शिधा द्यावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. हा अहवाल लिहिणाऱ्यांच्या मनात जातीविषयी आदर नव्हता. बंद्याच्या हातातील पैसा आणि त्याची स्वतंत्र चूल ही त्यांना शिस्तीतील भगदाडे वाटत होती.

१८४० नंतरच्या दशकात बंगाल व वायव्य प्रांतांतील तुरुंगांत सामाईक स्वयंपाकाची पद्धत क्रमाक्रमाने लागू करण्यात आली. बंद्यांच्या टोळ्या पाडावयाच्या आणि प्रत्येक टोळीसाठी एकाने शिजवावयाचे. ह्यातही जात सांभाळून टोळ्या पाडण्याचा प्रयत्न झाला. पण एकाच वर्णातील पोटजातींचे परस्पर रोटी-व्यवहार इंग्रज अधिकाऱ्यांच्या कल्पनेपेक्षा फार गुंतागुंतीचे होते. बिहारमधील व अलाहाबादकडील अनेक तुरुंगांतून उपोषणे, दंगे, गोळीबार असे प्रकार घडले. ह्या विरोधास केवळ धर्मवेड म्हणणे हे त्या काळच्या अधिकाऱ्यांस सोयीचे होते. पण त्यामागील हिशेब पाहिला पाहिजे. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला गावी परत जावयाचे असे. कोणाच्या हातचे खाल्ले हे ठाऊक नसलेला माणूस जातीबाहेर पडे. त्याला प्रायश्चित्ताचा खर्च येई, मुलीचे लग्न अडे, कित्येकदा वतनाच्या हक्कावरही गदा येई. न्यायाधीशाने दिलेली दोन वर्षांची शिक्षा अशा रीतीने जन्मभराची होत असे. आपल्याला झालेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा सरकार देत आहे, ही बंद्यांची तक्रार होती आणि ती तर्कदृष्ट्या चुकीची नव्हती.

१८५५ साली आरा व मुझफ्फरपूर येथे लोट्यांवरून जे प्रकरण उद्भवले ते ह्याच मालिकेतील होय. पितळी लोटा हत्यार म्हणून वापरता येतो, ह्या कारणाने तो काढून घेऊन बंद्यांना मातीची भांडी देण्याचा हुकूम झाला. धातूचे भांडे घासून, तापवून शुद्ध करता येते, मातीचे भांडे एकदा विटाळले की विटाळलेच. शिवाय ते आधी कोणी वापरले हे कळण्यास मार्ग नाही. आरा येथे पहारेकऱ्यांनी बंद्यांवर गोळ्या झाडल्या. मुझफ्फरपुरास मात्र शहरातील व आसपासच्या खेड्यांतील लोक बंद्यांच्या बाजूने तुरुंगाभोवती जमले, आणि मॅजिस्ट्रेटला लोटे परत द्यावे लागले. भिंतीच्या आतील नियमासाठी भिंतीबाहेरील रयत धावून आली, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. अवघ्या दोन वर्षांनी मीरत येथे काडतुसांच्या प्रकरणात कैद झालेल्या पंचाऐंशी घोडेस्वारांना त्यांच्या सोबत्यांनी तुरुंग फोडून सोडविले, आणि त्यानंतरच्या महिन्यांत उत्तर हिंदुस्थानातील अनेक तुरुंग फोडले गेले. शिपायांच्या बंडाचा इतिहासकार के ह्याने तुरुंगातील सामाईक स्वयंपाकाची गणना उठावापूर्वीच्या असंतोषाच्या कारणांत केली आहे. अलीकडे क्लेअर अँडरसन ह्यांनी १८५७ मधील तुरुंग आणि बंदी हाच विषय घेऊन स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तुरुंगांवरील हल्ल्यांचे प्रमाण पाहता तेथील बंदीशाळा ही राज्यकर्त्यांच्या हस्तक्षेपाची एक ठळक खूण मानली गेली होती, हे त्यावरून पटते.

१ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे अभिवचन दिले. तुरुंग-प्रशासनाने त्या अभिवचनाचा जो अर्थ लावला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. सामाईक स्वयंपाक रद्द झाला नाही. रोख भत्ता परत आला नाही. स्वतंत्र चुली पुन्हा पेटल्या नाहीत. फक्त स्वयंपाकी कोण असावा, ह्या एका मुद्द्यावर सरकारने माघार घेतली. बंगालच्या तुरुंग-संहितेतून पश्चिम बंगालच्या नियमावलीत उतरलेला, आणि २०२४ पर्यंत तेथे छापलेला असलेला एक नियम ह्या तडजोडीचा उत्कृष्ट नमुना आहे. त्याचा आशय असा : बंद्यांच्या खऱ्याखुऱ्या धार्मिक आचारांत व जातिविषयक भावनांत ढवळाढवळ करू नये. मात्र त्यांच्या निमित्ताने कोणी शिस्त मोडू नये. कोणाही एकट्या बंद्यास स्वतःपुरता स्वयंपाक करू देऊ नये. आणि एखादा बंदी एवढ्या उच्च जातीचा असेल की विद्यमान स्वयंपाक्यांच्या हातचे त्यास चालत नाही, तर त्यालाच स्वयंपाकी नेमून सर्वांचा स्वयंपाक करावयास लावावे.

ह्या नियमाची रचना थोडी सावकाशीने पाहण्याजोगी आहे. वरवर तो आडमुठ्या बंद्यास धडा देणारा दिसतो : तुला दुसऱ्याचे चालत नाही ना, मग तूच शे-दोनशे माणसांचे शिजव. शिस्तीच्या दृष्टीने ही युक्ती नामी. स्वतंत्र चुलीची मागणी तिने निकालात काढली. पण त्याच वेळी स्वयंपाकघर हे सर्वांत उच्च जातीच्या बंद्याच्या ताब्यात द्यावयाचे, हे तत्त्वही तिने मान्य करून टाकले. तुरुंगात स्वयंपाकघराचे काम म्हणजे उन्हातान्हापासून सुटका, पोटभर अन्न, आणि इतर बंद्यांवर थोडीफार सत्ता. पुढे राजस्थानसारख्या राज्यांच्या नियमांतही स्वयंपाक्याच्या जागेस ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू बंदी पात्र समजावा, अशी तरतूद आढळते. बंडाला भिऊन घेतलेल्या माघारीचे रूपांतर अशा रीतीने एका पदाच्या आरक्षणात झाले. ते आरक्षण कोणी मागितले होते असे म्हणता येत नाही. मागणी स्वतंत्र चुलीची होती.

झाडूची कथा ह्याहून वेगळी आहे, आणि तिचा उगम धर्मात नव्हे, तर आरोग्यशास्त्रात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदी तुरुंगांतील मृत्यूंचे प्रमाण भयंकर होते. पटकी, हगवण व ताप ह्यांनी बंदी पटापट मरत. १८६४ च्या समितीचे एक मुख्य लक्ष ह्या मृत्यूंकडे होते. तुरुंगाचा कारभार बहुतेक प्रांतांत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेला, आणि जागा, हवा, पाणी, आहार ह्यांची मोजमापे सुरू झाली. ह्याच दशकात कोरड्या मातीची शौचपद्धती तुरुंगांत आली. उघड्या खड्ड्यांऐवजी भांडी, प्रत्येक वापरानंतर कोरडी माती, आणि रोजच्या रोज ते सारे उचलून बाहेर नेऊन पुरणे, अशी ती पद्धत. तिच्यामुळे रोगराईस आळा बसला असावा. पण तिच्यासाठी दररोज, न चुकता, मैला उचलणारे हात लागत. बाहेरून नोकर आणावे तर खर्च. बंद्यांतूनच माणसे घ्यावीत तर कोणाला घ्यावे? नियमकर्त्यांनी सर्वांत बिनतक्रारीचा मार्ग पत्करला. बाहेर जो हे काम करतो त्याने आतही ते करावे. पश्चिम बंगालच्या नियमावलीत मेहतर, हाडी, चांडाळ ह्या जातींची नावेच दिलेली होती. जिल्ह्याच्या रूढीप्रमाणे बाहेर तेच काम करणाऱ्या अन्य जातींचीही सोय होती, आणि कोणी स्वेच्छेने पुढे आल्यास त्यास मुभा होती. आधुनिक आरोग्यव्यवस्था जसजशी काटेकोर होत गेली, तसतशी तुरुंगास ह्या एका जातीय श्रमाची गरज वाढत गेली. सुधारणा आणि भेद ह्यांची ही जोडी पाठ्यपुस्तकी इतिहासात सहसा एकत्र दिसत नाही.

उत्तर प्रदेशच्या नियमावलीतील एक नियम ह्याही पुढे जातो. साधी कैद भोगणाऱ्या बंद्यास हलक्या समजल्या जाणाऱ्या कामास लावू नये, मात्र तो अशी कामे करण्यास सरावलेल्या वर्गातील वा समाजातील असल्यास लावण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय. साधी कैद व सक्तमजुरी हा भेद न्यायालयाने करावयाचा. दंडसंहितेने तो अधिकार न्यायाधीशास दिला आहे. ह्या नियमाने तो अधिकार जन्माला दिला. एकाच गुन्ह्यासाठी, एकाच मुदतीची साधी कैद झालेल्या दोन माणसांपैकी एकाची शिक्षा तुरुंगाच्या दाराशी आपोआप वाढत असे. १८४० च्या दशकातील उच्चवर्णीय बंद्यांची जी तक्रार होती तीच ही : दिलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा. त्या तक्रारीची दखल घेतली गेली, तिच्यासाठी नियम बदलले गेले. ह्या दुसऱ्या तक्रारीची नोंदच नाही.

नोंद नाही, ह्याचा अर्थ तक्रार नव्हती असा करता येणार नाही. तुरुंगाच्या दफ्तरात बंड, उपोषण, पलायन आणि मृत्यू ह्यांची नोंद होते. एखाद्यास झाडू दिला आणि त्याने तो घेतला, ह्याची नोंद फार तर श्रमवाटपाच्या तक्त्यातील एका आकड्याच्या रूपाने राहते. झाडू नाकारणाऱ्यासाठी १८९४ च्या कारागृह अधिनियमात शिक्षांची मोठी यादी होती. तीत बेड्या होत्या, एकांतवास होता, तीस फटक्यांपर्यंत फटकेही होते. त्या शिक्षा काम नाकारल्याबद्दल होत, म्हणून नोंदवहीत कारण लिहिले जाई ते 'काम करण्यास नकार' एवढेच. कोणते काम आणि ते कोणास दिलेले, हे त्या शब्दांतून उमगत नाही. तुरुंग-वाङ्मयही येथे उपयोगी पडत नाही. आत्मचरित्रे लिहिणारे बंदी हे शिकलेले, बहुतांशी वरच्या जातींतले. त्यांच्या पुस्तकांत सफाई करणारा माणूस येतो तो प्रसंगापुरता.

राजबंद्यांच्या बाबतीत तर सरकार उलट दिशेने सवलत देण्यास तयार असे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यात आले, तेव्हा तेथे त्यांच्या स्वयंपाकासाठी एक ब्राह्मण बंदी देण्यात आला होता. टिळकांच्या प्रकृतीचा विचार करता ही सवलत कोणास अनाठायी वाटणार नाही. पण ती देताना प्रशासनास नवे काही करावे लागले नाही. स्वयंपाक्याची जात पाहणे ही त्याची रुळलेली सवय होती. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले. त्यानंतर १९३० साली बंद्यांचे अ, ब, क असे वर्ग करण्यात आले. सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणी ह्यांवर ते आधारलेले होते. जातीचा शब्द त्यात नव्हता. पण कोणत्या घरचा माणूस 'क' वर्गात जाणार हे सांगण्यास त्या शब्दाची फारशी गरजही नव्हती.

ह्या सर्व इतिहासात नियमाचे खरे स्वरूप उघडे पाडणारा एक प्रसंग महाराष्ट्रातच घडला. १९३२ च्या अखेरीस अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ चित्पावन ब्राह्मण. त्यांनी तुरुंगाधिकाऱ्यांकडे मैलासफाईचे काम मागितले. ते नाकारण्यात आले. कारण अर्थातच जातीचे : हे काम त्यांच्यासाठी नव्हते. अप्पांनी आपला आहार कमी केला. ही वार्ता येरवड्यास पोचली. गांधीजी तेथे कैदेत होते. पुणे करार होऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते. अप्पांच्या मागणीच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरच्या आरंभी त्यांनी उपोषण सुरू केले, आणि मागणीचा विचार करण्याचे सरकारी आश्वासन मिळताच एक-दोन दिवसांत ते सोडले.

हा प्रसंग गांधी-चरित्रांत एका लहानशा उपोषणाची गोष्ट म्हणून येतो. यरवडा कराराच्या झगमगाटात तो झाकोळून जातो. परंतु तुरुंगांच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे आहे. धर्मात ढवळाढवळ नको, ही नियमाची अधिकृत सबब होती. येथे बंदी स्वतः होऊन काम मागत होता. त्याच्या धर्मभावनेस धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता, उलट तेच काम त्याला धर्मकार्य वाटत होते. तरीही नियमाने त्याला अडविले. म्हणजे जपणूक बंद्याच्या भावनेची होत नव्हती, जातींच्या क्रमाची होत होती. नियम एका जातीस ते काम टाळू देत नव्हता आणि दुसऱ्या जातीस ते करू देत नव्हता. येथे एक विसंगतीही नोंदवणे प्राप्त आहे. ह्या नियमाविरुद्धचा जो लढा इतिहासात नावानिशी उरला तो झाडू मागणाऱ्या ब्राह्मणाचा. झाडू नको म्हणणाऱ्या बंद्याने असे उपोषण केले असते, तर त्याचे पडसाद येरवड्यापर्यंत पोचले असते का? अप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. पुढील आयुष्यही त्यांनी कोकणात सफाईच्याच कामास वाहिले. पण कोणाचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जातो, हे ह्या प्रसंगाने जेवढे स्पष्ट होते तेवढे अन्य कशानेही होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे नियम का टिकले, ह्याचे उत्तर बऱ्याच अंशी विधिविषयक आहे. १८९४ च्या अधिनियमाने मुख्य चौकट दिली आणि तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार सरकारांकडे सोपविला. १९३५ च्या कायद्याने तुरुंग हा विषय प्रांतांच्या सूचीत घातला, राज्यघटनेने तो राज्यसूचीतील चौथ्या नोंदीत कायम ठेवला, आणि जुने कायदे अमलात राहावेत अशीही व्यवस्था केली. त्यामुळे देशाची म्हणून एक कारागृह-व्यवस्था बोलण्यात असली तरी प्रत्यक्षात एक मध्यवर्ती अधिनियम आणि राज्याराज्यांच्या स्वतंत्र नियमावल्या असे तिचे रूप राहिले. नवी राज्ये झाली की जुन्या प्रांताची नियमावली थोड्या फेरफाराने पुन्हा छापली जाई. शौचालये बदलली, विजेचे दिवे आले, फटके गेले, पण स्वयंपाक्याच्या जातीचे वाक्य एका आवृत्तीतून दुसरीत उतरत राहिले. ह्यात दुष्ट हेतूपेक्षा नकलनविसी अधिक असावी. परंतु तुरुंगात नकलनविसाचे वाक्यही हुकूमच असते. १९६० ची आदर्श नियमावली, मुल्ला समितीचा १९८३ चा अहवाल, २००३ व २०१६ च्या आदर्श नियमावल्या ह्या सर्व राज्यांच्या दृष्टीने सल्ल्याच्या स्वरूपाच्या होत्या. २०१६ च्या नियमावलीने जात वा धर्म ह्यांवर आधारलेल्या स्वयंपाकघरास स्पष्ट मनाई केली. श्रमवाटपाविषयी मात्र तेवढी स्पष्टता तीत नव्हती. आणि उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये नवी नियमावली केली, तेव्हा 'सरावलेल्या समाजा'चा नियम तीतही राहिला.

ह्याच नियमावल्यांतून आणखी एक वारसा चालत आला. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. महाराष्ट्रात सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीची आठवण अजून पुसलेली नाही. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. पण कारागृह-नियमांत 'भटक्या' वा 'गुन्हेगार' जमातींचे उल्लेख उरले. मध्य प्रदेशात विमुक्त जमातीच्या बंद्यास सराईत गुन्हेगार गणता येईल अशी तरतूद होती. सराईत म्हणून वर्गीकरण झालेल्या बंद्यास बाहेरच्या कामावर पाठवीत नसत आणि स्वयंपाकघरातही घेत नसत. म्हणजे चुलीपासून दूर ठेवण्याचा मार्ग येथेही होताच, फक्त त्यास सुरक्षिततेचे नाव होते.

हा विषय न्यायालयापुढे आला तो पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या लेखनामुळे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा कारागृहांतील जातीय श्रमविभागणीवरील लेख प्रसिद्ध झाला. राजस्थान उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि २०२१ च्या आरंभी त्या राज्याने आपले १९५१ चे नियम दुरुस्त केले. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला आणि न्या. मिश्रा ह्यांच्या पीठाने दिलेल्या निकालात हे नियम घटनेच्या १४, १५, १७, २१ आणि २३ ह्या अनुच्छेदांशी विसंगत ठरविले गेले. ह्यांपैकी तेविसाव्या अनुच्छेदाचा आधार विशेष महत्त्वाचा आहे. तो वेठबिगारीस मनाई करतो. सक्तमजुरी ही कायदेशीर शिक्षा असली, तरी तिच्यातील हलके काम जन्मावरून वाटून देणे हे सक्तीच्या श्रमाच्या सदरात येते, असा विचार त्यामागे आहे. पाळयंकोट्टई येथील मध्यवर्ती कारागृहात जातीजातींचे बंदी वेगळे ठेवण्याच्या प्रथेचाही निकालात परामर्श घेतला गेला. दंगे होऊ नयेत म्हणून ही विभागणी, असे तिचे समर्थन. १८५८ नंतरच्या प्रशासनाने दिलेले समर्थन ह्याहून फारसे निराळे नव्हते. न्यायालयाने ते स्वीकारले नाही. शिस्त राखणे हे प्रशासनाचे काम आहे, त्यासाठी भेदाचा आधार घेता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

राज्यांना नियमावल्या सुधारण्यासाठी तीन महिन्यांची मुदत देण्यात आली. ३० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१६ ची आदर्श नियमावली आणि २०२३ चा आदर्श कारागृह अधिनियम ह्यांत दुरुस्ती करून जातीय भेदभावास मनाई करणारे कलम घातले. नियम आणि व्यवहार ह्यांतील अंतराचा प्रश्न अर्थातच उरतो. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती, आणि दर चार बंद्यांपैकी तीन न्यायचौकशीत असलेले, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते. एवढ्या दाटीत कामाची वाटणी अधिकाऱ्याच्या हातून निसटून बराकीतील मुकादमाकडे जाणे सहज शक्य असते, आणि तेथे छापील नियमाची गरज भासत नाही.

निकालाने दिलेला आणखी एक आदेश इतिहासाच्या विद्यार्थ्यांस विचार करावयास लावणारा आहे. कारागृहातील नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकावा, असे न्यायालयाने सांगितले. न्यायाच्या दृष्टीने त्याचे कारण उघड आहे. ज्या रकान्यावरून झाडू दिला जात होता तो रकानाच नको. पण वर वर्णिलेल्या इतिहासातील झाडू धरणाऱ्या बंद्याविषयी आज जे काही थोडे सांगता येते, त्यातील पुष्कळसे त्याच रकान्यातून हाती येते. एकोणिसाव्या शतकातील जिल्हा-तुरुंगांच्या नोंदवह्यांत नाव, वय, गाव, जात, गुन्हा, मुदत असे रकाने असत. त्यांतील जातीचा रकाना आणि श्रमवाटपाचे तक्ते एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम मुंबई इलाख्याच्या तुरुंगांपुरते तरी करण्याजोगे आहे.